शुभदाताईंची लाल स्लाइड

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. एकदा एका मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही पाच-सहा जणी जमलेलो, आणि प्रत्येकीने आपलं एकेक पाप सांगायचं असं ठरलं — तेव्हाही नाही. मी कॉलेजातल्या कॉपीचा काहीतरी किस्सा सांगून वेळ मारून नेली. सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले, आणि खरं काय ते पोटात तसंच ठेवून घरी आले.

मग आताच का? मागच्या महिन्यात एक फोन आला, म्हणून. त्या फोनचं सांगेन, पण आधी शुभदाताई कोण ते सांगायला पाहिजे. आणि खरं विचाराल तर मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच. बाकीचं... बाकीचं बोलावंच लागेल.

ठाण्यातल्या माजिवड्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रक्त-लघवीवाली नाही. आमच्याकडे माणसाच्या अंगातून काढलेले तुकडे येतात — गाठ, फोड, कुठली ग्रंथी. तो तुकडा मेणात बसवून ठोकळा करायचा. ठोकळ्याचे केसाहून बारीक काप काढायचे, काचेच्या पट्टीवर घ्यायचे, रंगवायचे, आणि डॉक्टरांपुढे ठेवायचे. रिपोर्टखाली सही डॉक्टरांची. आमचं नाव कुठेच नसतं, आणि नसतं तेच बरं, असं मला एका दिवसापासून वाटत आलंय.

तेवीस वर्षांची होते तेव्हा लोकलने दिव्याहून यायचे मी. घरी आठवड्यातून तीन दिवस पाणी नसायचं, त्यामुळे सकाळी हंडे भरून, मगच केस विंचरून निघायचं. डिप्लोमा झालेला, पण हाताला काही येत नव्हतं. पहिल्याच दिवशी ठोकळ्याचा काप काढताना त्याचा चुरा केला मी. एकाचा नाही, तीन ठोकळ्यांचा! मला वाटलं, झालं, गेली नोकरी. शुभदाताई शेजारच्या स्टुलावरून उठल्या, चष्म्याची दोरी मागे टाकली आणि म्हणाल्या, "अगं, बर्फावर ठेव ना थोडा वेळ त्याला. तापलेल्या माणसाला कुणी कापतं का?" आणि माझ्या हातावर हात ठेवून मायक्रोटोमचं, म्हणजे काप काढायच्या यंत्राचं, चाक फिरवलं. मेणाची पातळ पट्टी सरसर बाहेर आली. ती त्यांनी ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडली, आणि ती तिथे सुरकुती न पडता पसरली.

मला अजून त्या हाताचं वजन आठवतं. खरंच. चौदा वर्षं झाली.

ठोकळ्यांशी बोलायच्या त्या. "ये बाबा, ये, रडवू नकोस आज." चरबीचा ठोकळा आला की "आले बघ लाडोबा." सर, म्हणजे रिपोर्टवर सही करणारे आमचे डॉक्टर, चिडले की त्यांच्या पाठीमागे तोंड वाकडं करायच्या आणि मला हसू दाबता यायचं नाही. डबा आम्ही एकत्र खायचो. बुद्धपौर्णिमेला आईने केलेली खीर नेली, तर आधी ताईंचं बोट डब्यात — नंतर बाकीच्यांना. मी दिव्याची, त्या डोंबिवलीच्या. मी बौद्ध, त्या कोकणातल्या सावंत. मी बडबडी, त्या शांत. पण लॅबमध्ये लोक आमचं नाव जोडीनेच घ्यायचे. मला सख्खी मोठी बहीण नाही. असती तर मी तिच्यावर इतकं प्रेम केलं असतं का, सांगता येत नाही.

आता थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साध्या रंगाने गाठ कसली आहे ते कळलं नाही, तर आम्ही 'इम्युनो' लावतो. एक अँटिबॉडी असते — थेंबभर औषध म्हणा — ती विशिष्ट पेशींनाच जाऊन चिकटते. मग त्या पेशी रंगतात. बहुतेक वेळा तपकिरी, कधी लाल. बाकी सगळं मांस मात्र कोरंच राहतं. कोऱ्यावर नुसते ठिपके बघून डॉक्टरांना काय समजणार? म्हणून दुसरा एक फिकट रंग द्यावा लागतो, पार्श्वभूमीचा. आम्ही त्याला काउंटरस्टेन म्हणतो. तो आमच्याकडे निळा. पहिल्याचं म्हणणं झाकलं जाऊ नये इतपतच तो द्यायचा.

आणि निळे होते दोन. एक पाण्यातला, एक अल्कोहोलचा. बाटल्या शेजारी शेजारी. दिसायला सारखेच, रोजच्या कामाला अल्कोहोलचा वापरायचा, कारण तो झटपट चढतो. पण कुठल्या रंगाला कुठला निळा, हे ठरवणं म्हणजेच खरं काम — ताई म्हणायच्या, बाकी सगळं यंत्रसुद्धा करेल. मला त्यांनी ते असं शिकवलं: "तपकिरी आहे ना, तो पक्का बेवडा. कितीही अल्कोहोल पाज, हलणार नाही जागचा. लाल बिचारा निर्व्यसनी. त्याला अल्कोहोलचा थेंब दाखवलास ना, की उठून निघून जाईल. लालला पाण्यातलाच निळा. वरची काच चिकटवायची ती पण पाण्यातल्या जेलीने. कळलं का?"

कळलं होतं. चांगलं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे मला अडाणीपणाच्या आड लपता येऊ नये.

ताईंची आणखी एक गोष्ट मला माहीत होती. ती लॅबमध्ये दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. त्यांच्या आईला शेवटी शेवटी काही आठवेनासं झालेलं. आधी किल्ल्या, मग गॅस, मग घराचा रस्ता. एके दिवशी ताई तिला भरवत होत्या, तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही कुठल्या? माझी शुभा आली की तिला सांगा, तुम्ही किती करता माझं." ताईंनी हे मला डबा खाताना सांगितलं, अगदी सरळ आवाजात, लोणच्याची फोड बाजूला सारत. मग म्हणाल्या, "मला मरणाचं काही वाटत नाही गं आशू. हे असं व्हायची भीती वाटते. आईचं पन्नाशीतच सुरू झालेलं." त्या तेव्हा एक्कावन्न वर्षांच्या होत्या.

मी त्यांचा हात धरला. म्हणाले, ताई, काहीतरीच काय, तुम्हाला चार वर्षांपूर्वीच्या ठोकळ्याचा नंबर पाठ असतो. त्या हसल्या. हे सगळं खरं आहे. त्यांचा हात धरणारी पण मीच होते.

आता तो दिवस.

घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलातून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा तुकडा आलेला. खाडीकडच्या गावातले आजोबा. तळपायाला काळा डाग होता, तो आधीच काढलेला, कॅन्सर निघालेला. आता जांघेत एक ग्रंथी सुजलेली. प्रश्न एवढाच — कॅन्सर तिथे पोचलाय की नाही? सुईने काढलेला तुकडा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याच्या पेशीत मुळातच तपकिरी-काळं भरलेलं. त्यावर तपकिरी रंग देऊन काय कळणार? म्हणून सरांनी लाल सांगितला. ताईंनी श्वास रोखून काप काढले, मोजकेच. "एवढंच आहे हं आशू, सांभाळ," म्हणाल्या. आणि पुढचं काम माझ्याकडे दिलं. पहिल्यांदाच. लाल स्लाइड त्या आजवर कुणाच्या हातात देत नव्हत्या.

त्या दिवशी मला साडेचारला निघायचं होतं. साखरपुड्याची साडी घ्यायची होती, होणाऱ्या सासूबाई डोंबिवलीला दुकानात येऊन बसणार होत्या. काय तर साडी! चिंतामणी रंगाची होती. मी आजही ती नेसत नाही.

अँटिबॉडी लावली, धुतली, लाल रंग दिला. सोबत एक कंट्रोलची स्लाइड असते — जिच्यावर रंग यायलाच पाहिजे अशी, म्हणजे औषध काम करतंय हे कळतं. निळा देण्याआधी मी ती मायक्रोस्कोपखाली बघितली. लाल असा छान उठलेला! आजोबांच्या तुकड्यातही लाल होता. मी बघितला होता. हे लक्षात ठेवा — मी बघितला होता.

रॅकमध्ये चौदा तपकिरी स्लाइड्स होत्या आणि या दोन लाल. दोनसाठी वेगळी बरणी काढायची, वेगळा निळा ओतायचा, वेगळी जेली गरम करायची — वीस-पंचवीस मिनिटं. चार वाजून गेलेले. विसरले म्हणू का? म्हणता येईल. इतकी वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आले. पण नाही. रॅक उचलताना माझ्या मनात आलं होतं — यात लाल आहेत. आणि मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय, पटकन बुडवून काढते. सगळ्या सोळाच्या सोळा मी अल्कोहोलच्या निळ्यात घातल्या, आणि मग सवयीने पुढच्या बरण्यांतून, अल्कोहोलमधून, झायलीनच्या उग्र वासाच्या द्रावणातून, शेवटपर्यंत.

काच लावून बघितलं. आजोबांची स्लाइड निळी. कंट्रोल निळी. लाल कुठेही नाही. जसं काही कधी नव्हतंच.

मला एका क्षणात कळलं काय झालंय. तेवढ्यात सर आत आले, कानाला फोन, पलीकडे सर्जन — उद्या ऑपरेशनचं ठरवायचं होतं. त्यांनी स्लाइड्स उचलल्याच माझ्या हातातून. दोन मिनिटांनी आतून आवाज, "कंट्रोल पण आला नाही! अँटिबॉडी गेली की काय?"

इथे मी बोलायला हवं होतं. एक वाक्य. सर, माझ्याकडून चुकीचा निळा लागला. रागावले असते. आरडाओरडा केला असता. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती, ती कदाचित गेली असती, कदाचित नसतीही. ताई मध्ये पडल्या असत्या. पडल्याच असत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी बोलले. मी म्हणाले, "सर, सकाळी आले तेव्हा ती बाटली बाहेर होती. टेबलावर."

संध्याकाळी अँटिबॉडीच्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून फ्रीज बंद करायचं काम शुभदाताईंचं होतं. अठरा वर्षं. एकदाही चुकलं नव्हतं. रात्रभर बाहेर राहिली तर ती मरते, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

ताई मायक्रोटोमवर होत्या. चाक थांबलं. "बाहेर?" म्हणाल्या. "मी ठेवली नाही?" माझ्याकडे बघितलं त्यांनी. रागाने नाही हो. संशयाने पण नाही. त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं. मी मान हलवली — हो, बाहेर होती. मग त्यांचा चेहरा... कसा सांगू? त्या आत कुठेतरी बघायला लागल्या, कालची संध्याकाळ शोधायला. आणि ती त्यांना सापडेना. कुणाला सापडते हो? रोज तेच केलेलं काम, कालचं आजपासून वेगळं कसं ओळखायचं? म्हणाल्या, "राहिली असेल मग. सर, माझी चूक आहे."

मी दुसरंही काही सांगू शकले असते. वीज गेली होती, बाटलीची मुदत संपत आली होती, काहीही. माझ्या तोंडून नेमकं तेच का आलं? कारण ते चालेल, हे मला ठाऊक होतं. लोणच्याची फोड बाजूला सारत त्यांनी मला जे दाखवलं होतं, तिथेच मी बोट ठेवलं. एवढी हुशार होते मी. मला स्वतःची किळस येते हे लिहिताना, पण लिहिते.

आणखी आहे. एवढ्यावर थांबलं असतं तर...

ताईंनी स्लाइड हातात घेतली असती, तर नुसत्या वासाने ओळखलं असतं. जेलीने चिकटवलेल्या स्लाइडला झायलीनचा वास येत नाही, हिला येत होता. त्यांनी घेतली नाही. माझा शब्द पुरला त्यांना. पण दुसऱ्या दिवशी त्या ती बाटली घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "आशू, फेकायच्या आधी एकदा कंट्रोलवर लावून बघूया का गं? अगदी मेलीच असेल असं नाही." त्यांना अजून एक वाट दिसत होती. लावली असती तर लाल उठला असता, लखलखीत. ताई सुटल्या असत्या आणि मी अडकले असते. मी म्हणाले, "कशाला ताई, रिस्क नको. पेशंटचा प्रश्न आहे." पेशंटचा प्रश्न! मी म्हणाले हे.

त्यांनी स्वतःच्या हाताने ती चांगली बाटली कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. मी बघत होते.

आजोबांच्या ठोकळ्यात काप काढायला काही उरलं नव्हतं, नुसतं मेण आलं. त्यांना पुन्हा बोलावून जांघेत पुन्हा सुई घालावी लागली. नवी बाटली यायला वेळ गेला, रिपोर्टला वेळ गेला. पोचला होता कॅन्सर. जवळजवळ तीन आठवडे उशिरा कळलं. त्याने काय फरक पडला, मला माहीत नाही. त्यांचं पुढे काय झालं तेही मी कधी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही ते तुम्हाला कळतंय.

यानंतर ताई कामावर यायच्या, पण पहिल्यासारख्या राहिल्या नाहीत. संध्याकाळी फ्रीज बंद करायच्या, पर्स उचलायच्या, परत येऊन उघडून बघायच्या. रिक्षापर्यंत जाऊन परत यायच्या. घरून वॉचमनला फोन करायच्या, जरा बघ रे, आतला दिवा बंद आहे ना. वहीत लिहायला लागल्या — बाटली ठेवली, सही. मला म्हणायच्या, "आशू, तू पण बघितलंस ना? तू बघितलंस म्हणजे झालं." मी रोज संध्याकाळी सांगायचे, हो ताई, बघितलं, ठेवलीत. रोज. ठोकळ्यांशी बोलणं थांबलं. एकेका ठोकळ्याचा नंबर तीन-तीनदा वाचायला लागल्या, ते भीतीने, दुसऱ्या कशाने नाही. दहा महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. सरांनी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, कुणाच्या जिवावर बेतण्याआधी गेलेलं बरं.

त्यांचं स्टूल मला मिळालं. मायक्रोटोमही.

मी तुम्हाला काय सांगू, मला किती आठवण येते त्यांची? खिडकीजवळच्या त्या टेबलावर बसते आणि कोमट पाण्यावर पट्टी सोडते, आणि ती नीट पसरली की मान वळते माझी, आपोआप — बघा ना ताई. शेजारी कुणी नसतं. म्हणजे असतं, नव्या मुली असतात, मी त्यांना शिकवते. लाल निर्व्यसनी, तपकिरी बेवडा, सगळं तसंच्या तसं. त्या हसतात. हे कुणाचं आहे ते मी सांगत नाही, नाव घ्यायची हिंमत होत नाही. कधी दुपारी डबा उघडते आणि जेवावंसं वाटत नाही. मला त्यांच्याशी बोलायचं असतं. क्षमा वगैरे सोडा. नुसतं बोलायचं असतं — अहो ताई, आज चरबीचा ठोकळा आला, दोन तास रडवलं मेल्याने. एवढंच. ज्या माणसाला मी घालवलं, त्याच माणसाला जाऊन सांगावंसं वाटतं की मला किती एकटं वाटतंय. याला काय म्हणायचं?

भेटायला गेले नाही असं नाही. एकदा गेलेले. माझी मुलगी सहा महिन्यांची होती, पेढे घेऊन डोंबिवलीला त्यांच्या घरी गेले. मनाशी पक्कं केलेलं, आज सांगायचं. दार उघडलं आणि आतल्या बाजूला चिठ्ठी — गॅस बघ, नळ बघ, किल्ली घे. स्वयंपाकघरात चिठ्ठ्या, कपाटावर चिठ्ठ्या, त्यांच्याच सुंदर अक्षरात. ताई मला बघून इतक्या आनंदल्या! चहा केला. माझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं, माझ्या धाकट्या भावाचं नाव, माझ्या सासरचं गाव — सगळं आठवत होतं त्यांना, सगळं, बारीकसारीक. गॅसचं बटण तीनदा चाचपलं.

मी मुलीला पुढे केलं. घ्या ना ताई. त्यांचे हात पुढे आले होते, मी बघितलं, आणि मग त्यांनी ते पदराखाली घेतले. "नको गं," म्हणाल्या. "लहान जीव. माझा भरवसा नाही. कुठे ठेवीन, विसरेन." आणि लांबूनच तिच्या पायाला बोट लावलं.

तेव्हा सांगायला हवं होतं ना? त्या क्षणी तरी? मी चहा प्यायले. पेढे दिले. दुसरा अर्धा कप पण घेतला. निघताना नमस्कार केला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. खाली येऊन रिक्षात बसले आणि मुलगी रडतेय म्हणून मलाही रडता आलं.

पुन्हा गेले नाही. आठ वर्षं.

मागच्या महिन्यातला फोन त्यांच्या मुलीचा होता, मुग्धाचा. मी लॅबमध्येच होते, हातात ग्लोव्हज. ती म्हणाली, आशूताई, आईला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतं, मेंदूच्या. सगळ्या टेस्ट केल्या, दोन दिवस. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. आजही नाही आणि आधी कधी होतं असंही वाटत नाही. वयाच्या मानाने उत्तम स्मरणशक्ती आहे. म्हणाली, पण आईला पटतच नाही हो. ती म्हणते, टेस्टला काय कळतंय, माझी सुरुवात त्या बाटलीपासून झालीये. आशूने डोळ्यांनी बघितलंय, आणि आशू माझ्याशी खोटं बोलणार नाही.

मग तिने विचारलं, "आशूताई, तुम्हाला आठवतं का हो? ती बाटली खरंच बाहेर होती?"

प्रश्न समोर होता. सरळ. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला तो विचारला. दार उघडून धरलं होतं त्या पोरीने.

मी म्हणाले, "खूप वर्षं झाली गं मुग्धा. आता नाही आठवत."

"हो ना," ती म्हणाली. "ठीक आहे." तिच्या मागून आवाज आला, जरा खोल गेलेला, पण तोच. आशू आहे का? विचार तिला, जेवली का. मुग्धाने विचारलं. मी म्हटलं, हो, जेवले म्हणून सांग. आणि फोन ठेवला.

हे मी तुम्हाला सांगतेय आणि त्यांना नाही, हेही कळतंय मला. डोंबिवली इथून काही लांब नाही. नंबर माझ्याकडे आहे. तरी तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्याकडे तशा नजरेने बघणार नाही, जशा त्या बघतील. किंवा त्या तशा बघणारच नाहीत, बिचाऱ्या मलाच जवळ घेतील — आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

मला सगळं आठवतं. त्या दिवशी सकाळी मी साडेनऊला आले, फ्रीज उघडला. बाटली आत होती, मधल्या कप्प्यात, झाकण घट्ट लावलेली, त्या रोज ठेवायच्या तिथेच. मीच ती काढली, वापरली आणि परत ठेवली. शुभदाताई काहीही विसरल्या नव्हत्या.